काना सगळ्यात जास्त लागतो

(६ मार्चपासूनच्या नोंदी मी मुळात सांकेतिक लिपीत लिहिल्या होत्या. इथे त्या सरळ करून उतरवल्या आहेत. मजकूर बदललेला नाही. तसा मोह बऱ्याच ठिकाणी झाला.)

मंगळवार, ४ मार्च

आज वाचनालयात नोंदणीसाठी एक जुनं, मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक आलं. विषय गुप्त लिखाण. एका अक्षराच्या जागी दुसरं कसं घालावं, किंवा तीच अक्षरं उलटसुलट कशी मांडावीत, म्हणजे परक्याला त्यातलं काही कळू नये. हे भाषेत ठेवावं की गणितात, यावर माझा अर्धा तास गेला. शेवटी मुख्य ग्रंथपालांना विचारलं. त्यांना आम्ही मागून शिक्केसाहेब म्हणतो, कारण समोर कागद आला की त्यांचा हात आधी शिक्क्याकडे जातो. ते म्हणाले, "खेळात टाका."

मी निघाले तर म्हणाले, "बसा जरा."

दुसऱ्या गावी नवं वाचनालय उघडतंय. बसने पाच तास. तिथे पहिली ग्रंथपाल म्हणून त्यांनी माझं नाव सुचवलंय. तीन वर्षं राहावं लागेल. ३१ तारखेपर्यंत लेखी उत्तर हवं.

मी म्हणाले, "विचार करते." हे खरं नव्हतं. विचार त्यांचं वाक्य संपायच्या आत झाला होता. मला जायचंय. रिकामी फडताळं, आणि कुठलं पुस्तक कुठे हे मी ठरवणार. चव्वेचाळीस वर्षांत मला इतकं स्पष्टपणे काही हवंसं वाटल्याचं आठवत नाही.

घरी बोलले नाही. मुलगी गेल्या वर्षी वसतिगृहात गेली. नवरा सकाळी नऊला घड्याळदुरुस्तीचं दुकान उघडतो तो संध्याकाळीच येतो. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या काठी घेऊन चालतात. मी गेले तर त्या दिवसभर घरात एकट्या. हे त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने काढायचं?

आणि ही वही टेबलावर पडलेली असते. सासूबाई वाचतात असा माझा आरोप नाही. पण त्या टेबल पुसतात.

गुरुवार, ६ मार्च

आजपासून ही वही सांकेतिक. पुस्तकातली पहिलीच पद्धत घेतली आहे. वर्णमालेतलं प्रत्येक व्यंजन दोन घरं पुढे सरकवायचं. क असेल तिथे ग, ब असेल तिथे म. स्वर आणि मात्रा आहेत तशाच. मालेच्या शेवटी पोचलं की पुन्हा क पासून. त्यामुळे 'सासूबाई' हा शब्द 'ळाळूमाई' असा होतो. हे पाहून मी एकटीच हसले. मग हसल्याबद्दल वाईट वाटलं.

आता मोकळेपणाने लिहिते. सासूबाई सकाळी साडेपाचला रेडिओ लावतात, तो समोरच्या इमारतीतही ऐकू जात असावा. चहा बशीतून पितात आणि प्रत्येक घोटाला जो आवाज करतात तो असह्य आहे. आणि कुणीही घरी आलं की माझ्याबद्दल सांगतात, "हिचं बरंय, बसून काम."

हे न्याय्य आहे का? त्या स्वतः छापखान्यात होत्या, एकतीस वर्षं. छपाईसाठी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या. म्हणजे हाताचं काम, दिवसभर उभं राहून. त्यांना माझं काम बसून वाटणारच. बशीबद्दल मात्र मी ठाम आहे.

सहा ओळींना पाऊण तास लागला. वही शिलाई मशीनच्या खालच्या खणात जुन्या कापडांखाली ठेवली आहे. मशीन सासूबाईंचं, पण हल्ली त्या फारशा वापरत नाहीत, म्हणजे तिथे कुणी हात घालणार नाही.

मंगळवार, ११ मार्च

रेडिओचा आवाज बारीक झालाय. आज तर मला कान देऊन ऐकावं लागलं. सेल उतरले असतील म्हणून नवे आणून घातले. तरी तेवढाच. यंत्र जुनं झालं असावं.

बुधवार, १२ मार्च

सासूबाईंनी आज चहा कपातून प्यायला. आवाज न करता. बशी बाजूला कोरडी. मी विचारलं, "आई, बशी नको?"

"नको गं. गार होतो."

एकोणीस वर्षं तो गार व्हावा म्हणूनच बशीत ओतत होत्या.

मग शेजारीण आली. तिच्यासमोर म्हणाल्या, "हिला वाचनालयात फार काम असतं हो. डोक्याचं काम." माझ्या हातातून ताटली पडता पडता राहिली.

दुपारच्या सुट्टीत आरोग्याच्या फडताळातलं एक जाडजूड पुस्तक काढून पाहिलं. उतारवयात स्वभावात अचानक बदल झाल्यास दुर्लक्ष करू नये, असं स्पष्ट लिहिलंय. संध्याकाळी दुकानात जाऊन नवऱ्याशी बोलले.

"आई तुला ठीक वाटतात का?"

त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. "का? काय झालं?"

"गोड बोलतायत."

"कुणाशी?"

"माझ्याशी."

"मग डॉक्टरांना दाखवायला हवं," तो म्हणाला आणि एक बारीक स्क्रू चिमट्यात धरून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. त्यालाही काळजी वाटली असणार, चिमटा थरथरत होता.

अशा अवस्थेत त्यांना सोडून जाणं शक्य नाही. नकार द्यावा लागणार. लिहिताना बरं वाटत नाहीये, पण बरं वाटणं हा काही निकष नाही.

शनिवार, १५ मार्च

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्तदाब पाहिला, आजची तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. सासूबाईंनी दोनपर्यंत वजाबाकी केली आणि विचारलं, "आता पुढे काय, खाली उण्यात उतरू का?"

डॉक्टर म्हणाले, प्रकृती उत्तम आहे. "मग आणलंत कशासाठी?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "सुनेला माझी काळजी वाटते. तिलाच जरा तपासा. चेहरा बघा कसा झालाय."

माझा रक्तदाब वाढलेला निघाला.

रविवार, १६ मार्च

पुस्तकात म्हटलंय की एकच पद्धत फार दिवस वापरू नये. शिवाय वही कापडांखाली पालथी ठेवली होती ती उताणी मिळाली. मीच तशी ठेवली असेन, पण काळजी घेतलेली बरी. नवऱ्याला कुतूहल वाटलं असलं तर?

नवी पद्धत अवघड आहे. सगळी अक्षरं कशीही पिसून एका कार्डावर जोड्या लावल्या. यात क्रम असा काही नाहीच, कार्ड असल्याशिवाय मलासुद्धा वाचता येणार नाही. मात्राही बदलल्या. कान्याच्या जागी वेलांटी, वेलांटीच्या जागी उकार. कार्ड वाचनालयातल्या माझ्या खणात कुलपात ठेवलंय आणि एक नक्कल पर्समध्ये आहे. आता हे कुणाच्या बापाला वाचता येणार नाही.

तर खरं काय ते लिहिते. त्यांच्या या गोडव्याने मी अडकले आहे. डॉक्टर काहीही म्हणोत, माणूस उगाच इतकं बदलत नाही. त्या पूर्वीसारख्या असत्या, तो रेडिओ, ती बशी, ते टोमणे, तर मी निर्धास्त गेले असते. मला जायचं आहे. रोज सकाळी उठले की आधी त्या रिकाम्या फडताळांचा विचार येतो, आणि मग सासूबाईंचा रेडिओ ऐकू येत नाही म्हणून त्यांच्या दाराशी जाऊन पाहते.

बुधवार, १९ मार्च

सकाळी साडेपाचला रेडिओ असा सुरू झाला की मी पांघरुणासकट उठून बसले. नवरा म्हणाला, "यंत्र सुधारलं वाटतं."

चहा बशीतून. आवाज पूर्वीचा तर होताच, वर शेवटी एक लांब सुस्कारा जोडलाय, तो नवा. मी स्वयंपाकघरात होते, तिथे ऐकू आला. ऐकवायचाच असल्यासारखा.

मग मी डबा भरताना, "पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवायला कॉलेज लागतं होय? आमच्या छापखान्यातला गोंदवाला चौथी नापास होता."

मला इतका आनंद झाला की मी म्हणाले, "खरंय आई."

त्या चमकल्या. डब्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाजीत मीठ जास्त आहे." भाजीत मीठ घालायचंच राहिलं होतं, हे मला नंतर कळलं.

म्हणजे तब्येत ठणठणीत. पण आता दुसराच प्रश्न पडलाय. एखादी बाई त्रासदायक आहे म्हणून तिला सोडून जाणं योग्य, आणि ती गोड असेल तर अयोग्य, हा कुठला न्याय? त्या कशाही वागल्या तरी न्हाणीघराची फरशी तेवढीच निसरडी आहे. दुपारी पडल्या तर हाकेला कोण येईल? कुणी सोबतीला असतं तर गोष्ट वेगळी होती. पण असं घरी येऊन राहणारं कोण मिळणार, आणि तेही तीन वर्षं?

बारा दिवस उरले.

शुक्रवार, २१ मार्च

पुन्हा पद्धत बदलली. कार्ड बघून लिहिताना चुका फार होत होत्या. आता अक्षरं बदलायचीच नाहीत, फक्त त्यांच्या जागा बदलायच्या. कागदावर सात उभे रकाने आखायचे, मजकूर आडवा भरत जायचा, आणि मग एकेक रकाना वरून खाली उतरवून घ्यायचा. पण ओळीने नाही. आधी पाचवा रकाना, मग दुसरा, मग सातवा, असा मनात ठरवलेला क्रम. सगळी अक्षरं डोळ्यांसमोर असतात आणि अर्थ मात्र कुठेच नसतो. हे फार देखणं वाटतं मला. नकार कसा लिहायचा याचा मसुदाही याच पद्धतीने केला. "कौटुंबिक कारणास्तव" हे शब्द तुकडे तुकडे होऊन पानभर पसरले तेव्हा जरा कमी बोचले.

रविवार, २३ मार्च

जेवताना सासूबाईंनी सांगितलं की त्यांच्या छापखान्यातल्या बाइंडिंगवाल्या मावशी आपल्याकडे राहायला येणार आहेत.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तिच्या घराची दुरुस्ती चाललीय. होईपर्यंत."

"म्हणजे साधारण?"

"तीन वर्षं," सासूबाई म्हणाल्या आणि पाव तोडून खाऊ लागल्या.

"तीन वर्षं? कसली दुरुस्ती?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, "पाया खचला असेल."

"पायाच खचलाय," सासूबाई म्हणाल्या.

काय योगायोग असतात. मी खूप वेळ मावशींच्या घराचाच विचार करत होते. पाया खचलेल्या घरात त्या आत्ता तरी कशा राहतायत? मग मनात आलं की आता सोबत आहे, म्हणजे माझ्या नकाराचं कारण गेलं. आणि लगेच हेही आलं की दुसऱ्याच्या घराचा पाया खचण्यावर आपण आपलं सुख उभारतोय. दोन्ही विचार माझेच. त्यातला कुठला आधी आला ते प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिला.

मंगळवार, २५ मार्च

काहीतरी भयंकर सापडलंय.

सकाळी मागची पानं चाळत होते. समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत. अगदी फिकट. एका अक्षराखाली छोटी रेघ आणि समासात दुसरं अक्षर. एके ठिकाणी दोन अक्षरांच्या मध्ये उलटा बाण. एके ठिकाणी अक्षराला गोल करून त्याची शेपटी बाहेर काढलेली. मी कार्ड घेऊन ताडून पाहिलं. जिथे जिथे खूण होती तिथे तिथे सांकेतिक लिहिताना माझी चूक झाली होती. आणि समासात जे लिहिलंय ते बरोबर आहे. तिन्ही पद्धतींत, पहिल्या दिवसापासून.

मी वाचनालयात न जाता थेट दुकानात गेले.

"तू माझी वही वाचतोस?"

"मी?" नवरा म्हणाला. "मी एकदा पाहिली होती. मला वाटलं वाचनालयाचं काहीतरी असेल. मला पेपरातलं शब्दकोडं सुटत नाही, तुला माहितीये."

मी पान पुढे केलं. त्याने भिंग लावून खूण पाहिली, जशी तो घड्याळाची चाकं पाहतो.

"ही शेपटीवाली खूण ना?" तो म्हणाला. "ही आई करते. पेपरवर करते, औषधाच्या कागदावर करते. माझ्या लग्नपत्रिकेवरही केली होती."

वाचनालयात निरोप धाडला की बरं वाटत नाही. तेवढं खरं होतं.

गुरुवार, २७ मार्च

काल दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही काही विचारलं नाही. आज रजा घेतली, आणि दुपारी त्या शिलाई मशीनपाशी बसल्या होत्या तेव्हा वही त्यांच्यासमोर ठेवली.

"आई, तुम्ही हे वाचलंत?"

"नाही."

"या खुणा तुमच्या नाहीत?"

"माझ्याच आहेत. पण वाचलं नाही. प्रूफ पाहिलं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या."

मला राग आला होता, पण हे ऐकून राग कुठे ठेवावा ते कळेना. मी विचारलं, "तुम्हाला जमलं कसं?"

त्यांनी चष्मा पुसला. जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते.

"पहिलं जे होतंस ते अगदीच बाळबोध. कापड काढायला खण उघडला तर वही. पान उघडं पडलं आणि पाहते तर सगळीकडे ळाळू, ळगाखी, ळाणेबाजशा. ळ शब्दाच्या सुरुवातीला कधी येतो का गं? एकतीस वर्षांत एकदाही मी तो तिथे लावला नाही. म्हटलं ही ळाळूमाई कोण. मग कळलं, मीच."

मी खाली बघत होते.

"दुसऱ्याला तीन दिवस लागले," त्या म्हणाल्या. तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. खुशीत होत्या. "पण खिळ्यांची पेटी कशी असते माहीत आहे? प्रत्येक अक्षराला खण. जे जास्त लागतं त्याचा खण मोठा आणि हाताशी. काना सगळ्यात जास्त लागतो. दिवसातून चारदा भरावा लागायचा. तुझ्या पानावर बघते तर वेलांट्यांचं पीक. म्हटलं, काना इथे येऊन लपलाय. मग वाक्याच्या शेवटी बघितलं, पुन्हा पुन्हा तेच दोन अक्षरी. ते काय असणार? 'आहे.' मराठी माणूस कुठूनही निघाला तरी 'आहे'वर येऊन टेकतो. तेवढं सापडलं की बाकीचं ओढून काढायचं. आमच्याकडे वकिलांची हस्तलिखितं यायची, त्यापेक्षा तू बरी."

"आणि तिसरं? सात रकान्यांचं?"

"ते तर काहीच नाही. जुळवलेलं पान हातातून सांडलं की काय होतं? खिळे तेच, जागा गेल्या. मी शिकाऊ असताना तीन पानं सांडली होती. फोरमनने पुन्हा जुळवायला लावली, मजकूर न दाखवता. तुझं एक पान काय."

मग मी विचारलं, "म्हणून रेडिओ लहान केलात?"

"केला."

"आणि पुन्हा मोठा?"

"तूच लिहिलंस ना, त्या पूर्वीसारख्या असत्या तर गेले असते. मी म्हटलं, एवढंच ना. बशीचं मला जड नाही गेलं. टोमण्यांचं मात्र गेलं. आपण होऊन सुचतात, ठरवून सुचत नाहीत."

"मावशींच्या घराचा पाया?"

"तिच्या घराला काही झालेलं नाही. मी फोन केला, म्हटलं येतेस का. म्हणाली, येते. तिथे कंटाळलीय. तिची सून वही लिहीत नाही."

मी हसले, आणि मग मला रडूही आलं, आणि दोन्हीची लाज वाटली. मी म्हणाले, "आई, तुम्ही न विचारता दुसऱ्याची वही उघडलीत. हे बरोबर नाही."

"नाही," त्या लगेच म्हणाल्या. "चूक आहे ते. मला माहीत होतं. पण एकदा चूक दिसली की मला पान तसंच ठेवता येत नाही. 'असह्य'मध्ये तू एक अक्षर खाल्लंस. मी चार दिवस तशीच सोडली. पाचव्या दिवशी पेन्सिल घेतली."

"असह्य" हा शब्द कशाबद्दल होता ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं झाली तुला या घरात. मी छापखान्यात काय करायचे ते तू एकदा तरी विचारलंस?"

मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, कारण पटकन 'नाही' म्हणणंही एक प्रकारची सुटका झाली असती. पण नाही. एकदाही विचारलं नव्हतं. मी दिवसभर पुस्तकांच्या पाठी बघते. ती पुस्तकं एकेक अक्षर उचलून जिने उभी केली असतील ती बाई माझ्या घरात चहा पीत होती, आणि मला फक्त चहाचा आवाज ऐकू येत होता. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. इथे लिहिते आहे. या वहीचा तोच उपयोग.

"आता जाणार की नाही ते सांग," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला विचारू नकोस. तू इथे राहिलीस तर तीन वर्षं वहीत हेच लिहिशील, जाऊ की नको, न्याय्य की अन्याय्य. तेच तेच प्रूफ मी किती वेळा पाहू?"

शुक्रवार, २८ मार्च

होकार दिला. "आपल्या पत्रास अनुसरून" अशी सुरुवात केली होती, ती फाडून "मी येते" असं लिहिलं. शिक्केसाहेबांनी कागद वाचण्याआधी शिक्का मारला. मग वाचला आणि म्हणाले, "एवढंच?"

नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. गेले चोवीस दिवस त्याच्यापासून लपवल्याबद्दल आधी माफी मागितली, मग सगळं क्रमाने सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दहा तारखेपासून. आईने सांगितलं."

"मग मला बोलला का नाहीस?"

"ती म्हणाली, तिचं लिहून होऊ दे." मग म्हणाला, "आई गोड बोलतायत म्हणालीस तेव्हा मात्र मला हसू आवरत नव्हतं."

म्हणजे तो चिमटा काळजीने थरथरत नव्हता. महिन्याभरात मी या घरातली एकही गोष्ट बरोबर ओळखलेली नाही. पण गेले काही दिवस त्यानेही दुकान संध्याकाळी लवकर बंद करायला सुरुवात केली आहे आणि काल त्याने न्हाणीघरात हाताला धरायला दांडा बसवला. हे कशासाठी ते मी ओळखलं.

सोमवार, २१ एप्रिल

नव्या गावी आल्याला नऊ दिवस झाले. फडताळं आली. पुस्तकांची खोकी उद्या येतील. गुप्त लिखाणाच्या पुस्तकाची एक प्रत मागवली आहे. ते खेळात ठेवणार नाही. कुठे ठेवायचं ते अजून ठरत नाही.

आज सासूबाईंचं पत्र आलं. चार पानं, ठसठशीत अक्षर, दोन्ही बाजूंना सारखा समास. आणि त्यातला एकही शब्द वाचता येत नाही.

सोबत किल्ली नाही, सूचना नाही. फक्त पाकिटावर माझा पत्ता सरळ लिहिलाय.

शुक्रवार, २५ एप्रिल

चार दिवस दुपारची सुट्टी यातच गेली. आधी दोन घरं मागे सरकवून पाहिलं. नाही. तीन, चार, पाच. नाही. शेवटी प्रत्येक खूण किती वेळा येते ते मोजायला बसले. एक खूण बाकीच्यांच्या दुप्पट होती. तिच्या जागी काना घातला, आणि पानाने तोंड उघडलं.

पत्रात माझ्याबद्दलच्या तक्रारी आहेत. क्रमांक घालून, एकूण सव्वीस. मी कपाटाची दारं आपटते. मी कुणी बोलत असताना दुसरंच काही वाचत असते आणि "हं" म्हणते. फळांच्या साली ओट्यावर ठेवते. कारण असो नसो, माफी फार मागते, आणि ती मागून झाली की समोरच्याने काय करायचं ते समोरच्याला कळत नाही. अकराव्या क्रमांकाला लिहिलंय की लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी त्यांना "तुम्हाला नाही कळायचं" असं म्हटलं होतं. मला ते आठवत नाही. मी म्हटलं असणार.

वाचताना मला अपमान वाटायला हवा होता. मला वाटत होतं की पान संपू नये.

सव्विसाव्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली हे: "मावशी घोरते. मुलगा बरा आहे. मी परवा काठीशिवाय फाटकापर्यंत जाऊन आले, कुणी पाहिलं नाही म्हणून तुला कळवते. उत्तर साध्या अक्षरांत पाठव. तुझं सांकेतिक वाचायला मला त्रास नाही, पण सरळ लिहिताना तू कुठे अडखळतेस ते मला बघायचंय."

शनिवार, २६ एप्रिल

सकाळपासून उत्तर लिहिते आहे. साध्या अक्षरांत. कार्ड नाही, रकाने नाहीत, आणि तरी सांकेतिकपेक्षा जास्त वेळ लागतोय. चार वाक्यं झाली. पुन्हा वाचून पाहिली. त्यातली तीन खरी आहेत. चौथं नुसतं चांगलं दिसतंय म्हणून ठेवलं होतं. ते खोडलं आणि पुढे लिहायला घेतलं.